दहन, दफन, नेत्रदान, देहदान : मुंबईतील कुटुंबांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गिरगावातील आमच्या चाळीत कोणाकडे मयत झाली की डॉक्टरांना बोलावण्यापासून शववाहिनी मागवण्यापर्यंतच्या धावपळीत मी गेली अनेक वर्षे हातभार लावत आलो आहे. आता ओळखीच्या लोकांचे फोन उपनगरांतूनही येतात. घर कोणतेही असो, जात-धर्म कोणताही असो, फोनवर विचारले जाणारे प्रश्न बहुतेक तेच असतात, आणि ते नेमके अशा वेळी विचारले जातात की विचारणाऱ्याला उत्तर नीट ऐकून घेण्याचीही शुद्ध नसते. म्हणून ते येथे सवडीने लिहून काढले आहेत. ते घरात सगळे धडधाकट असताना वाचले जावेत, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

मृत्यूनंतर निर्णय घ्यायला किती वेळ हाती असतो?

लोकांना वाटतो त्यापेक्षा पुष्कळ कमी. नेत्रदान आणि त्वचादान साधारण सहा तासांच्या आत व्हावे लागते. देहदान करायचे असेल तर वैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीररचनाशास्त्र विभागाला तातडीने कळवावे लागते, कारण मुंबईच्या दमट हवेत देह फार लवकर खराब होऊ लागतो. अवयवदानाचा निर्णय तर व्यक्ती अतिदक्षता विभागात, यंत्रांच्या आधाराने हृदय चालू असतानाच घ्यावा लागतो. दहन किंवा दफनाला थोडी अधिक सवड असते, पण तीही काही तासांचीच. म्हणजे एकेका पर्यायाचे दार क्रमाक्रमाने बंद होत जाते, आणि मृत्यूनंतर सर्वांत आधी बंद होते ते नेत्रदानाचे आणि त्वचादानाचे. आपण मात्र त्या पहिल्या सहा तासांत पुण्याच्या आत्याला आणि नाशिकच्या काकांना कळवण्यात गुंतलेले असतो. पहिला फोन डॉक्टरांना आणि दुसरा नेत्रपेढीला करावा. नातेवाइकांना त्यानंतर कळवले तरी कोणाचे काही बिघडत नाही.

घरीच मृत्यू झाला तर सर्वप्रथम काय करावे?

नेहमीच्या डॉक्टरांना बोलावून मृत्यूच्या कारणाचा दाखला घ्यावा. घरी झालेल्या मृत्यूसाठी तो नमुना ४-अ मध्ये दिला जातो. ज्यांनी रुग्णाला अलीकडे तपासलेलेच नाही असे डॉक्टर दाखला द्यायला तयार होत नाहीत, आणि त्यात त्यांची काही चूक नाही. त्यामुळे घरात फार वृद्ध किंवा अंथरुणाला खिळलेली व्यक्ती असेल तर जवळच्या एका डॉक्टरांनी त्यांना अधूनमधून येऊन पाहावे अशी व्यवस्था आधीच करावी. या एका गोष्टीमुळे रविवारी पहाटेची वणवण वाचते. मृत्यू अपघाती, संशयास्पद किंवा आत्महत्येचा असेल तर पोलिसांना कळवणे भाग आहे. पंचनामा आणि बहुतेक वेळा शवविच्छेदन होते व त्यानंतरच देह ताब्यात मिळतो. स्मशानभूमीत डॉक्टरांचा दाखला, मृत व्यक्तीचे आधार कार्ड आणि अंत्यसंस्कार करणाऱ्या नातेवाइकाचे ओळखपत्र लागते. या तिन्हींच्या दोन-दोन झेरॉक्स प्रती काढून ठेवाव्यात.

दहनच करायचे ठरले आहे. सरण निवडावे की विद्युतदाहिनी?

सर्वांत जास्त वेळा येणारा प्रश्न हाच आहे, आणि घरातले वाद सर्वांत जास्त यावरच होतात. चंदनवाडी, शिवाजी पार्क, वरळी, ओशिवरा अशा महापालिकेच्या मोठ्या स्मशानभूमींत दोन्ही सोयी आहेत. काही ठिकाणी वाहिनीतून येणाऱ्या गॅसवर चालणाऱ्या दाहिन्याही बसवल्या आहेत. एका देहाच्या सरणाला साधारण ३०० किलो लाकूड लागते आणि तेवढे लाकूड महापालिका विनामूल्य देते. शेतातल्या काडीकचऱ्यापासून तयार केलेल्या ठोकळ्यांचा, म्हणजे ब्रिकेटचा वापरही काही स्मशानभूमींत सुरू झाला आहे. सरण पूर्ण जळायला पाच-सहा तास आणि कधी त्याहून अधिक वेळ लागतो, म्हणून राख सावडायला दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी यावे लागते. विद्युतदाहिनीत तापमान ८०० अंश सेल्सिअसच्याही वर जाते आणि दीड-दोन तासांत दहन पूर्ण होते. ज्यांचे नातेवाईक त्याच दिवशी परतणार आहेत त्यांच्यासाठी हा मोठा फरक आहे.

माझे स्वतःचे मत विद्युत किंवा गॅसदाहिनीच्या बाजूचे आहे आणि ते मी लपवत नाही. भर पावसाळ्यात ओली लाकडे पेटेनाशी झाल्यावर वडिलांच्या सरणाशेजारी ताटकळत उभ्या राहिलेल्या मुलांचे चेहरे मी पाहिले आहेत. निरोपाच्या वेळी कोणालाही अशी शिक्षा होऊ नये. शिवाय एका माणसाच्या निरोपासाठी वाढलेले झाड खर्ची पडते हा विचार मला अस्वस्थ करतो. तरीही ज्या आईला आपल्या नवऱ्याची चिता डोळ्यांनी पाहिल्याशिवाय तो गेला हे मनाला पटतच नाही, तिला त्या क्षणी पर्यावरणाचा हिशेब सांगू नये. तिच्यासाठी सरणच योग्य आहे.

दोन गोष्टी मात्र कटाक्षाने पाळाव्यात. देहावर नायलॉनची साडी, प्लॅस्टिकचे हार किंवा रबरी वस्तू ठेवू नयेत. आणि मृत व्यक्तीच्या छातीत पेसमेकर बसवलेला असेल तर तो दहनापूर्वी रुग्णालयातूनच काढून घ्यावा, कारण त्यातील लिथियमची बॅटरी उष्णतेने फुटते आणि त्यामुळे दाहिनीचे नुकसान होऊ शकते. ही गोष्ट अनेकदा कोणाच्या लक्षातच येत नाही.

विद्युतदाहिनीत धार्मिक विधी करता येतात का?

जवळजवळ सगळे करता येतात. गुरुजी ओट्यावर पिंडदान करवून घेतात, पाण्याने भरलेले मडके खांद्यावर घेऊन प्रदक्षिणा घातली जाते, अश्म्याने त्याला भोके पाडली जातात आणि शेवटी ते मागे टाकून फोडले जाते. कापराच्या वडीने अग्नीही दिला जातो. त्यानंतर तिरडीवरचा देह सरकत्या पट्टीवर ठेवतात आणि कर्मचारी दार वर उचलतो. आतला तांबूस उजेड क्षणभर सगळ्यांच्या तोंडावर पडतो आणि दार खाली येते. अनेकांना तो क्षण फार लवकर आटोपल्यासारखा वाटतो. म्हणून देह आत सरकवण्यापूर्वी दोन मिनिटे थांबायला कर्मचाऱ्यांना विनंती करावी. मागे रांग नसेल तर ते थांबतात, असा माझा अनुभव आहे. दाहिनीत करता येत नाही ती फक्त कपालक्रिया, म्हणजे चितेवर कवटी फोडण्याचा विधी, आणि तिच्याऐवजी काय करावे हे मुंबईतल्या गुरुजींना माहीत असते.

मुलीने किंवा पत्नीने अग्नी दिला तर चालतो का?

चालतो. कायद्याची त्याला कोणतीही आडकाठी नाही, महापालिकेचा कोणताही नियम आड येत नाही, आणि आता मुंबईतील बहुतेक गुरुजीही हरकत घेत नाहीत. महाराष्ट्राला हे नवेही नाही. २८ नोव्हेंबर १८९० रोजी पुण्यात महात्मा जोतीराव फुले यांचे निधन झाले, तेव्हा दत्तक मुलगा यशवंत याच्या हक्कावर भाऊबंदांनी आक्षेप घेतला आणि सावित्रीबाई स्वतः टिटवे, म्हणजे अंत्ययात्रेपुढे नेतात ते मडके, हाती घेऊन अंत्ययात्रेच्या पुढे चालल्या. त्याच प्रसंगातली दुसरी बाजूही येथे सांगण्यासारखी आहे. जोतीरावांची इच्छा आपला देह मिठात पुरावा अशी होती आणि त्यासाठी घराच्या आवारात खड्डाही तयार होता, परंतु वस्तीच्या ठिकाणी दफन करण्यास नगरपालिकेने परवानगी दिली नाही आणि शेवटी दहन करावे लागले. माणसाने स्पष्टपणे सांगून ठेवलेली इच्छासुद्धा परवानगीअभावी अपुरी राहू शकते, हे त्यावरून कळते.

एक व्यवहाराची सूचना आहे. मुलगी अग्नी देणार असेल तर ते जमलेल्या माणसांना घरून निघण्यापूर्वीच, घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या व्यक्तीने सांगावे. स्मशानात पोहोचल्यावर मडके कोणी उचलायचे यावर कुजबुज सुरू झाली तर त्या मुलीला तो घाव आयुष्यभर पुरतो.

हिंदू कुटुंबात दफन करता येते का? स्वतःच्या जागेत करता येते का?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर होय असे आहे. लिंगायत समाजात दफनाचीच परंपरा आहे, नाथपंथी आणि गोसावी समाजांत समाधी देतात, संन्याशाला अग्नी देत नाहीत, आणि अगदी लहान बालकांचे दफन तर बहुतेक सर्व हिंदू समाजांत केले जाते. त्यासाठी महापालिकेच्या काही स्मशानांलगत हिंदू दफनभूमीही आहेत. बाळाच्या बाबतीत एक विनवणी करावीशी वाटते : आईला विचारल्याशिवाय, तिला बाळाचे तोंड दाखवल्याशिवाय घाईघाईने दफन उरकू नये. तिला त्रास होईल म्हणून आपण तिला लांब ठेवतो, पण तो त्रास त्याने कमी होत नाही.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मुंबईपुरते तरी नाही असेच आहे. १८८८ च्या मुंबई महानगरपालिका अधिनियमानुसार अंत्यसंस्कार नोंदणीकृत जागीच करता येतात. लोकमान्य टिळकांचे दहन १ ऑगस्ट १९२० रोजी गिरगाव चौपाटीवर झाले, ते विशेष परवानगीने झालेले अपवादात्मक उदाहरण आहे. इमारतीच्या आवारात, बंगल्याच्या बागेत किंवा शेतघराच्या जागेत दफन करण्याचा विचार कोणी सुचवला तर तो तेथेच थांबवावा.

ख्रिस्ती आणि मुस्लिम कुटुंबांना मुंबईत कबरीसाठी जागा मिळते का?

मिळते, पण कायमची मिळेलच असे नाही. शिवडीची ख्रिस्ती दफनभूमी, मरीन लाइन्सचे बडा कब्रस्तान आणि चर्चच्या आवारांतील जुन्या दफनभूमी येथे जागेची टंचाई इतकी आहे की काही काळाने तीच कबर पुन्हा वापरली जाते. चर्चच्या दफनभूमींत अस्थी बाहेर काढून भिंतीतल्या छोट्या कोनाड्यात ठेवण्याची पद्धत आहे. ज्यांना हे आधी माहीत नसते त्यांना आजीची कबर जागेवर नाही हे पाहून धक्का बसतो. म्हणून दफनाच्याच वेळी मुदत विचारून घ्यावी. कॅथलिक कुटुंबांना दहनाचा पर्यायही खुला आहे. व्हॅटिकनने १९६३ मध्ये दहनास मुभा दिली, आणि २०१६ मधील सूचनेनुसार राख विखरू नये किंवा घरी ठेवू नये, ती पवित्र जागी ठेवावी, अशी अपेक्षा आहे. मुस्लिम कुटुंबांत गुस्ल म्हणजे देहाचे स्नान, कफन आणि जनाज्याची नमाज झाल्यावर शक्य तितक्या लवकर दफन करतात, त्यामुळे तेथे विलंबाचा प्रश्न सहसा उद्भवत नाही.

दफनाच्या हक्काविषयी मुंबईला एक कसोटीचा काळ आठवतो. ३० मार्च २०२० रोजी महापालिकेने करोनाने मृत्यू पावलेल्या सर्व व्यक्तींचे, त्यांचा धर्म कोणताही असो, दहनच करावे असे परिपत्रक काढले होते. ते काही तासांतच बदलावे लागले. पुढे काही कब्रस्तानांतील दफनास विरोध करणाऱ्या याचिका मुंबई उच्च न्यायालयासमोर आल्या. मे २०२० मध्ये न्यायालयाने त्या फेटाळल्या आणि सन्मानाने अंत्यसंस्कार होणे हा संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचे स्पष्ट केले. आपल्या शेजाऱ्याच्या अंत्यविधीला कोणी आडवे येत असेल तर हा निकाल लक्षात असू द्यावा.

पारशी कुटुंबांना डुंगरवाडीशिवाय दुसरा पर्याय आहे का?

आहे. डुंगरवाडीत पारशी परंपरेप्रमाणे देह उघड्या दख्म्यात गिधाडांसाठी ठेवला जातो, पण गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या औषधामुळे गिधाडांची संख्या प्रचंड घटली. २००६ मध्ये गुरांसाठीच्या वापरावर बंदी आली, तोवर फार उशीर झाला होता. मलबार हिलवरील डुंगरवाडीत देहाचे विघटन पूर्वीसारखे होईना, म्हणून तेथे सूर्यकिरण एकवटणाऱ्या आरशांसारखी साधने बसवली गेली. ज्यांना दहन मान्य आहे अशा पारशी कुटुंबांसाठी वरळीच्या स्मशानभूमीत २०१५ पासून प्रार्थनागृह उपलब्ध आहे.

नेत्रदान, त्वचादान, अवयवदान आणि देहदान यांत फरक काय?

हे चारही शब्द लोक सर्रास एकमेकांच्या जागी वापरतात आणि ऐनवेळी घोटाळा होतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

नेत्रदान घरी, रुग्णालयात, कोठेही झालेल्या मृत्यूनंतर करता येते. वयाची अट नाही. चष्मा, मधुमेह किंवा मोतीबिंदूची शस्त्रक्रिया यांचा अडथळा येत नाही. एचआयव्ही, कावीळ ब आणि क, रेबीज, रक्ताचा कर्करोग, शरीरात पसरलेला जंतुसंसर्ग अशा काही आजारांत मात्र ते घेतले जात नाही. नेत्रपेढीचे पथक घरी येते आणि पंधरा-वीस मिनिटांत काम पूर्ण होते. चेहरा विद्रूप होत नाही, अंत्यदर्शनाला आलेल्यांना काही कळतही नाही. पथक येईपर्यंत पंखा बंद ठेवावा, डोळे मिटवून त्यांवर ओल्या कापसाच्या घड्या ठेवाव्यात आणि डोक्याखाली उशी द्यावी. आमच्या वाडीतील एका आजोबांच्या वेळी त्यांच्या नातीने हे सारे न सांगता केले होते. तिला शाळेत शिकवले होते. मोठी माणसे रडत असताना ती अकरा वर्षांची मुलगी वाटीत पाणी घेऊन कापूस भिजवत बसली होती.

त्वचादानातही वेळेचे बंधन तेच. मांड्या आणि पाठीवरून त्वचेचा अगदी पातळ थर घेतला जातो, रक्तस्राव होत नाही, आणि भाजलेल्या रुग्णांचे प्राण त्यावर वाचतात. शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात आणि ऐरोलीच्या नॅशनल बर्न्स सेंटरमध्ये त्वचापेढ्या आहेत.

मूत्रपिंड, यकृत, हृदय, फुप्फुसे या अवयवांचे मृत्यूनंतरचे दान मात्र घरी मृत्यू झाल्यावर शक्य नसते. व्यक्ती रुग्णालयात मेंदूमृत घोषित व्हावी लागते. १९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्याप्रमाणे चार डॉक्टरांचे मंडळ ही तपासणी किमान सहा तासांच्या अंतराने दोन वेळा करते. अवयव कोणाला मिळणार हे मुंबईत विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राच्या यादीप्रमाणे ठरते, रुग्णालय किंवा नातेवाईक ते ठरवू शकत नाहीत. त्यानंतर देह कुटुंबाला परत मिळतो आणि नेहमीसारखे दहन किंवा दफन करता येते.

देहदानात संपूर्ण देह वैद्यकीय महाविद्यालयाला दिला जातो. नेत्रदान करून देहदान करता येते. अवयवदान झालेला किंवा शवविच्छेदन झालेला देह मात्र अभ्यासासाठी सहसा स्वीकारला जात नाही. म्हणून "अवयवदान शक्य असेल तर ते, नाहीतर नेत्रदान करून देहदान" असा क्रम लिहून ठेवावा. आमच्या घरी आम्ही तसाच लिहिला आहे.

देहदान करण्याची पद्धत काय आहे?

महाराष्ट्रात याला १९४९ च्या शरीररचनाशास्त्र अधिनियमाचा आधार आहे. मुंबईत जे. जे. रुग्णालयाचे ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय, तसेच केईएम, नायर आणि शीव या महापालिका रुग्णालयांची वैद्यकीय महाविद्यालये देह स्वीकारतात. हयातीत शरीररचनाशास्त्र विभागात जाऊन अर्ज भरता येतो. त्यावर साक्षीदार म्हणून जवळच्या नातेवाइकांच्या सह्या घ्याव्यात, कारण प्रत्यक्ष वेळी देह सुपूर्द करणारे तेच असतात. अर्ज भरलेला नसला तरी वारसांच्या संमतीने देहदान होऊ शकते. मृत्यूनंतर विभागाला फोन करून देह स्वीकारला जाईल याची खात्री करावी आणि मगच शववाहिनी बोलवावी. संसर्गजन्य आजार, फार जखमा किंवा फार लठ्ठपणा असेल तर महाविद्यालय नकार देऊ शकते. तसे झाले तर कुटुंबाने अपराधी वाटून घेऊ नये.

माझ्या मावशीने असा अर्ज भरला होता. ती शिक्षिका होती, आपण गेल्यावरही पोरांना काहीतरी शिकवू, असे हसत म्हणायची. ती गेली तेव्हा घरात वीसेक माणसे होती आणि तिचा अर्ज भरलेला आहे हे त्यांतल्या एकालाही ठाऊक नव्हते. आम्ही चंदनवाडीला नेऊन तिचे सगळे रीतसर केले. दहाव्याच्या दिवशी ब्राह्मणाला द्यायचे कोरे धोतर शोधताना कपाटातल्या वर्तमानपत्राच्या कागदाखाली, शिधापत्रिकेला टाचणीने लावलेले देहदानाचे कार्ड सापडले. तिची सही होती, तारीख होती, साक्षीदार म्हणून शेजारच्या बाईंची सही होती, आणि त्या बाई तिच्या आधीच वारल्या होत्या. ते कार्ड मी जपून ठेवले आहे. या कामात मी पडलो तो त्यानंतर.

मृत्युपत्रात अंत्यसंस्काराची इच्छा लिहिली तर ती बंधनकारक असते का?

व्यवहारात नसते. मृत्युपत्र मालमत्तेसाठी असते आणि ते उघडले जाते तेव्हा बहुधा बारावा-तेरावा उरकलेला असतो. देह ताब्यात असलेल्या नातेवाइकांनी नकार दिला तर कोणतेही महाविद्यालय देहासाठी आग्रह धरत नाही. म्हणून इच्छा लिहिण्याइतकेच ती मोठ्याने सांगणे आवश्यक आहे, आणि तेही एकाच मुलाला नव्हे, सगळ्यांसमोर. एका साध्या कागदावर पर्यायांचा क्रम, नेत्रपेढीचा आणि महाविद्यालयाचा दूरध्वनी क्रमांक, डॉक्टरांचे नाव आणि कोणते विधी हवेत किंवा नकोत ते लिहावे. तो कागद कुलपात ठेवू नये. आमच्या घरी तो स्वयंपाकघरात, गॅसच्या पासबुकाबरोबर खिळ्याला अडकवलेला आहे. पाहुण्यांना सुरुवातीला चमत्कारिक वाटते, पण त्यांतल्या दोघांनी घरी जाऊन तसेच केले.

देहदान केल्यावर दहावा-तेरावा कसा करायचा? कावळा कशाला शिवणार?

हा प्रश्न विचारताना लोक संकोचतात, पण तो अगदी खरा आहे. देह समोर नसतानाही दहाव्याचे पिंडदान करता येते. बेपत्ता किंवा दूरदेशी मृत्यू पावलेल्या व्यक्तींसाठी दर्भाचा पुतळा करून विधी करण्याची जुनी रीत आहेच. बाणगंगेवर अशा कुटुंबांचे दहावे मी पाहिले आहेत आणि तेथेही कावळा शिवला की सगळ्यांचे डोळे तितकेच भरून येतात. ज्यांना विधी नको असतील त्यांनी तेरा दिवसांतील एका संध्याकाळी आप्तांना बोलावून आठवणी सांगाव्यात. बौद्ध कुटुंबांत त्रिशरण-पंचशील घेऊन आदरांजली वाहिली जाते. सत्यशोधक पद्धतीने, पुरोहिताशिवाय विधी करणारी कुटुंबेही महाराष्ट्रात आहेत.

देह कोकणात गावी न्यायचा असेल, किंवा मुलगा परदेशातून येईपर्यंत थांबायचे असेल तर?

गावी नेण्यासाठी डॉक्टरांचा दाखला मूळ प्रतीसह बरोबर ठेवावा आणि शीतपेटी असलेलीच रुग्णवाहिका घ्यावी, विशेषतः उन्हाळ्यात. मृत्यूची नोंद मात्र जेथे मृत्यू झाला तेथेच, म्हणजे मुंबईतच होते. गावच्या ग्रामपंचायतीत नोंद करून घेतलेल्या कुटुंबांना पुढे बराच त्रास झालेला मी पाहिला आहे. परदेशातील मुलासाठी थांबायचे असेल तर देह रुग्णालयाच्या शवागारात ठेवता येतो. त्याआधी नेत्रदान उरकून घ्यावे, ते मुलाच्या येण्यासाठी थांबू शकत नाही. थांबावे की थांबू नये हा कुटुंबाचा प्रश्न आहे, पण ऐंशी वर्षांच्या आईला दोन दिवस त्या अवस्थेत ताटकळत ठेवण्यापेक्षा मुलाने व्हिडिओ कॉलवर दर्शन घेऊन तेराव्याला यावे, असे सुचवण्याचे धाडस मी काही वेळा केले आहे.

परदेशात देहाची माती करण्याची किंवा पाण्यात विरघळवण्याची पद्धत आहे म्हणतात. ती येथे मिळते का?

नाही. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्याने २०१९ मध्ये देहाचे खत करण्यास मान्यता दिली, आणि दक्षिण आफ्रिकेचे आर्चबिशप डेस्मंड टूटू यांच्या देहावर त्यांच्या इच्छेप्रमाणे पाण्यावर आधारित प्रक्रिया करण्यात आली. मुंबईत आज यांपैकी काहीही उपलब्ध नाही.

अस्थी आणि राख यांचे काय करावे?

विद्युतदाहिनीतून मिळणाऱ्या अस्थी आणि राखेचे वजन दोन-तीन किलोच्या आसपास भरते. अनेक कुटुंबे अस्थी नाशिकच्या रामकुंडात नेतात, काही समुद्रात विसर्जित करतात. कलश मातीचा घ्यावा आणि प्लॅस्टिकची पिशवी पाण्यात सोडू नये. राख झाडाच्या मुळाशी घालण्याची पद्धत हल्ली वाढते आहे आणि मला ती आवडते, पण राखेत क्षार फार असतात. ती एकाच रोपाला सगळी घातली तर रोप जळते. चांगल्या मातीत थोडी थोडी मिसळून वापरावी. अस्थी घेऊन लोकलने जाणाऱ्या माणसाला गर्दीत फार अवघडल्यासारखे होते, म्हणून शक्यतो दोघांनी मिळून जावे.

मृत्यूचा दाखला कसा मिळतो?

रुग्णालयात मृत्यू झाल्यास रुग्णालय स्वतः नोंदीसाठी कळवते. घरी झाल्यास ती जबाबदारी कुटुंबप्रमुखाची असते. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियमानुसार २१ दिवसांच्या आत नोंद व्हावी. त्यानंतर विलंबशुल्क लागते आणि एक वर्ष उलटल्यास दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाची गरज पडते. दाखल्याच्या प्रती महापालिकेच्या विभाग कार्यालयातून मिळतात. बँक, विमा, निवृत्तिवेतन, गृहनिर्माण संस्था या सगळ्यांना त्या लागतात, म्हणून आठ-दहा प्रती एकदमच घ्याव्यात.

स्मशानभूमीच्या कार्यालयात नाव लिहून देताना ते आधार कार्डाबरहुकूम आहे का, हे घरातल्या शांत डोक्याच्या एका माणसाने तपासावे. आजींचे माहेरचे नाव, लाडाचे नाव किंवा वडिलांच्या नावातील एखादे जादा अक्षर त्या गडबडीत नोंदले गेले की दुरुस्तीसाठी पुढे कित्येक महिने खेटे घालावे लागतात. हे काम अग्नी देणाऱ्यावर सोपवू नये. जावई, पुतण्या किंवा शेजारी, कोणीही चालेल, फक्त त्याच्याजवळ चष्मा आणि पेन असावे.